अंधूक, पसरट बटू दीर्घिका: फुगतात कशाने आणि विझतात कशाने?

मांडवीकाठ (धागाकर्ता)

कृष्णद्रव्याच्या (डार्क मॅटर: न दिसणारं, पण गुरुत्वाकर्षणाने जाणवणारं द्रव्य) धाग्यावर अवांतर नको, म्हणून हा वेगळा काढतोय.

२०१५ साली ड्रॅगनफ्लाय दुर्बिणीने कोमा दीर्घिकासमूहात ४७ अंधूक, पसरट दीर्घिका दाखवल्या आणि 'अल्ट्रा-डिफ्यूज' हे नाव रूढ झालं. त्याच वर्षी सुबारूच्या जुन्या छायाचित्रांतून त्याच समूहात ८५४ निघाल्या. व्याख्या ढोबळ आहे: अर्धा प्रकाश ज्या त्रिज्येत मावतो ती त्रिज्या १.५ किलोपार्सेकहून (एक किलोपार्सेक म्हणजे सुमारे ३,२६० प्रकाशवर्षं) मोठी आणि केंद्रातली पृष्ठतेजस्विता चौरस विकलेमागे २४ प्रतीहून मंद (प्रतीचा आकडा जितका मोठा, तितकं तेज कमी). काहींचा पसारा आकाशगंगेच्या तोडीचा, तारे मात्र तिच्या एक टक्काही नाहीत. कोमातल्या बहुतेक लालसर, म्हणजे नवे तारे घडणं कधीच थांबलेलं.

माझं म्हणणं सरळ आहे. बटू दीर्घिका समूहात शिरते, तिथल्या तप्त वायूचा मारा बसतो, तिचा स्वतःचा वायू उडून जातो, तारेनिर्मिती थांबते आणि उरलेला सांगाडा सैल पडून पसरतो. एका कारणात दोन्ही गोष्टी बसतात. मग सिद्धांतवाले चार-पाच वाटा कशाला सांगत बसतात? यात भोक कुठे आहे ते दाखवा.

सत्तरीकर

भोक 'सैल पडून पसरतो' इथे आहे.

आधी मारा किती ते बघू. रॅम प्रेशर म्हणजे बाहेरच्या वायूची घनता गुणिले वेगाचा वर्ग. गन आणि गॉट यांनी १९७२ साली मांडलेलं. समूहातला वायू अतिविरळ, साधारण लिटरमागे एक कण. पण दीर्घिका त्यातून सेकंदाला १००० किमीने जाते. आकाशगंगेच्या प्रभामंडळात (तिच्याभोवतीचा कृष्णद्रव्याचा आणि विरळ वायूचा गोळा) वायू आणखी दसपट विरळ धरा आणि वेग २५० किमी. दोन्ही गुणाकार केले तर समूहातला मारा दीडशे पटींच्या घरात जास्त निघतो. बटू दीर्घिकेची वायू धरून ठेवायची ताकद काढायची तर तिच्या वायूची घनता घ्या (घन सेंटिमीटरमागे ०.१ कण) आणि अंतर्गत वेग सेकंदाला १० किमी. उत्तर आकाशगंगेच्या माऱ्याच्या जेमतेम दीडपट येतं. म्हणजे आकाशगंगेपाशी सामना अटीतटीचा, समूहात एकतर्फी. वायू काही कोटी वर्षांत निघतो. इथवर तुमच्याशी सहमत.

पण तो मारा ताऱ्यांना लागत नाही. तारे त्या वायूतून आरपार जातात. वायू गेल्यामुळे गुरुत्वाकर्षण थोडं घटतं आणि ताऱ्यांच्या कक्षा थोड्या मोठ्या होतात, एवढंच. ताऱ्यांच्या पट्ट्यातल्या एकूण वस्तुमानात वायूचा वाटा २० टक्के धरला आणि तो हळू निघाला, तर त्रिज्या १.२५ पट होते. तुम्हाला हवी आहे दुप्पट-तिप्पट. बाकीचं वस्तुमान कृष्णद्रव्याचं, ते जागचं हलत नाही.

खाजें

मांडवीबाब एका दगडात दोन दीर्घिका मारायला निघाले होते.

निरभ्र_काणकोण

सत्तरीकरबाबांच्या हिशेबात एक भर. वायू हिसकावून न घेताही दीर्घिका विझते. लार्सन, टिन्सली आणि कॉल्डवेल यांनी १९८० साली मांडलेली वाट: दीर्घिकेभोवतीचा सैल, बाहेरचा वायू तेवढा निघून जातो, तबकडीतला राहतो. नळ बंद, पण टाकी भरलेली. टाकी संपेपर्यंत तारे घडत राहतात आणि त्याला काही अब्ज वर्षं लागू शकतात.

दोन्हींत फरक ओळखायची खूण धातूंची (खगोलशास्त्रात हीलियमहून जड सगळी मूलद्रव्यं) आहे. वायू झटक्यात गेला तर ताऱ्यांतलं धातूंचं प्रमाण होतं तिथेच गोठतं. टाकी हळूहळू संपली तर ताजा वायू मिसळत नाही, शिल्लक वायूतच तारे मरून धातू टाकत राहतात आणि शेवटच्या पिढीत धातूंचं प्रमाण चढतं. मोठ्या दीर्घिकांत ही खूण बऱ्यापैकी वाचता येते. पसरट बटूंच्या वर्णपटात ती वाचायची म्हणजे हाल आहेत.

खाजें

टँकर मागवता येत नाही का?

निरभ्र_काणकोण

@खाजें, थट्टा सोडली तर येतो टँकर. लिओ-पी बघा, ५० लाख प्रकाशवर्षांवर, एकाकी. सुरुवातीला तारे घडले, मग मोठा खंड, मग पुन्हा सुरू. आजही तिच्यात वायू आहे आणि तारे घडताहेत. मोठ्या शेजाऱ्यापासून लांब राहिलं की वायू परत जमायला सवड मिळते. लिओ-टी हीसुद्धा साधारण १४ लाख प्रकाशवर्षांवर वायू राखून आहे. आकाशगंगेच्या अगदी जवळच्या उपदीर्घिकांत वायू टिकवून आहेत ते फक्त दोन मॅगेलन मेघ, कारण त्या अंगापिंडाने मोठ्या.

तिस्क_फोंडा

तो खंड कशामुळे पडला? लांब राहणाऱ्याला मारा नाही, हिसकावणं नाही.

पेडण्याचा_ध्रुव

पुनर्आयनीभवन. पहिल्या ताऱ्यांच्या आणि क्वासारांच्या अतिनील प्रकाशाने विश्वातला हायड्रोजन पुन्हा आयनित झाला; ते काम विश्व साधारण १ अब्ज वर्षांचं होईतो आटोपलं. त्यात वायू १०,००० अंशांच्या वर तापला. ज्या प्रभामंडळाचा परिभ्रमणवेग सेकंदाला २० किमीच्या खाली, त्याला इतका गरम वायू खेचता येत नाही.

याचा पुरावा आकाशगंगेच्या अतिमंद उपदीर्घिकांत आहे. हबलने सहा दीर्घिकांच्या ताऱ्यांची वयं काढली (हर्क्युलिस, लिओ-४, बूटीस-१ वगैरे, निकाल २०१४चा). साधारण ८० टक्के तारे ताम्रसृती (रेडशिफ्ट; आकडा जितका मोठा, तितका काळ जुना) ६ पर्यंत घडून गेलेले, उरलेले ३ पर्यंत. नंतर काही नाही. सहाही एकाच सुमारास थांबल्या, म्हणजे कारण प्रत्येकीचं खासगी नसावं.

पण हे लागू फार लहान दीर्घिकांना, ज्यांत तारे लाखाच्या आतबाहेर. मांडवीबाबांच्या कोमातल्या दीर्घिकांत १ ते ३० कोटी सूर्यांइतके तारे आहेत. त्या पुनर्आयनीभवनाने विझणाऱ्यांतल्या नव्हेत. धाग्याच्या शीर्षकात 'बटू' म्हटलंय म्हणून दोघींना एकाच पंगतीला बसवू नका.

मांडवीकाठ

ठीक. विझण्याच्या तीन वाटा झाल्या आणि त्यातली एक माझ्या कामाची नाही. फुगण्याचं काय? मारा पुरत नाही म्हणता, मग कोण पुरतं?

सत्तरीकर

पहिला उमेदवार घरातलाच: सुपरनोव्हा. हिशेब करून बघा. ताऱ्यांत रूपांतर झालेल्या दर १०० सूर्यांमागे साधारण एक सुपरनोव्हा, आणि प्रत्येकी १० चा ५१ वा घात इतके अर्ग (ऊर्जेचं एकक). एक कोटी सूर्यांइतके तारे म्हणजे एक लाख स्फोट, १० चा ५६ वा घात अर्ग. आता १० कोटी सूर्यांइतका वायू सेकंदाला ६० किमीने बाहेर काढायला लागते ती ऊर्जा ४ गुणिले १० चा ५४ वा घात. म्हणजे स्फोटांच्या ऊर्जेतले चार टक्केच पुरतात, बाकी ९६ टक्के प्रकाशात उधळले गेले तरी चालतं. डेकेल आणि सिल्क यांनी १९८६ साली असलाच मुद्दा मांडला होता.

आता गोम. वायू एकदा बाहेर गेल्याने फारसं होत नाही, कारण मगाचाच हिशेब. खरं काम होतं ते वायू झटक्यात गेल्यावर, म्हणजे ताऱ्याला कक्षेची एक फेरी व्हायला जेवढा काळ लागतो त्याच्या आत. केंद्रातलं गुरुत्वाकर्षण अचानक ढिलं पडतं, तारे आणि कृष्णद्रव्याचे कण बाहेरच्या कक्षांत सरकतात. मग वायू थंड होऊन सावकाश परत येतो, पण कक्षा पूर्वीइतक्या आखडत नाहीत. पुन्हा तारे, पुन्हा स्फोट, पुन्हा थोडं सरकणं. पाँटझेन आणि गव्हर्नाटो यांनी २०१२ साली हे दाखवलं आणि २०१७ च्या सिम्युलेशनांत याच पद्धतीने अल्ट्रा-डिफ्यूज दीर्घिका घडल्या, १० ते १०० अब्ज सूर्यांच्या प्रभामंडळांत. याहून लहान प्रभामंडळांत स्फोटच कमी, याहून मोठ्यांत गुरुत्वाकर्षण जड. मधल्या पट्ट्यातच हा खेळ रंगतो.

आणि लक्षात घ्या, या वाटेने फुगलेली दीर्घिका जिवंत असते. फुगायला वायू ये-जा करावा लागतो.

दर्याकिनारा

हाच तो मुद्दा. जिवंत आहेत त्या दिसतातही. अरेसिबोच्या हायड्रोजन-सर्वेक्षणातून २०१७ साली ११५ पसरट दीर्घिका काढल्या: निळ्या, समूहांपासून लांब, वायूने भरलेल्या. त्यांच्या वाटेला रॅम प्रेशर आलेलंच नाही आणि तरी त्या पसरट. मांडवीकाठ यांचं एककारणी गणित तिथेच मोडतं.

आपल्याकडेही यावर काम झालंय. खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीवर, ४५ मीटरच्या ३० अँटेनांनी, यूजीसी २१६२ या पसरट दीर्घिकेतला हायड्रोजन मोजला गेला. हायड्रोजनची १४२० मेगाहर्ट्झची रेषा बटू दीर्घिकांसाठी सोन्यासारखी, कारण तारे कमी असले तरी वायू ढीगभर असतो. त्याच अँटेनांनी मंद अनियमित बटूंचं 'फिग्ज' सर्वेक्षणही केलं होतं.

तिस्क_फोंडा

मग दुसरा उमेदवार फिरकीचा ना? प्रभामंडळच जन्मतः जास्त फिरतं, म्हणून तबकडी मोठी आणि विरळ. अमोरिस्को आणि लोब, २०१६.

दर्याकिनारा

हो, आणि वायूवाल्या निळ्या दीर्घिकांना ते शोभतंही. पण एजीसी ११४९०५ बघा. व्हीएलए या अमेरिकेतल्या रेडिओ दुर्बिणीवर ४० तास घालवून तिचा परिभ्रमणवेग काढला (२०२२). वायू आणि तारे मिळूनच तो वेग जवळजवळ पुरा होतो, नेहमीच्या प्रभामंडळाला जागाच उरत नाही. अडचण कलाची (तबकडी किती तिरकी दिसते त्याची) आहे. तबकडी आपल्याकडे तोंड करून आहे, कल ३२ अंशांच्या आसपास मानलाय. मोजलेला वेग कलाच्या साइनने भागायचा असतो. कल १०-१५ अंशांनी कमी असेल तर खरा वेग सुमारे १.४ ते १.८ पट निघतो आणि प्रभामंडळाला जागा होते. वायूची तबकडी जाड असेल तर तिच्या कडेवरून कल काढणं आणखी कठीण. या एका दीर्घिकेवर कृष्णद्रव्याचे सिद्धांत पालथे घालणाऱ्यांनी आधी कल बघावा.

खाजें

डीएफ-२ अजून कोणी काढली कशी नाही? कृष्णद्रव्य नसलेली दीर्घिका! पेपरात आलं होतं!

पेडण्याचा_ध्रुव

काढलीतच, तर नीट काढू. एनजीसी १०५२-डीएफ२, तिमिंगल तारकासमूहात. २०१८ साली दहा गोलाकार तारकागुच्छांच्या वेगांवरून म्हटलं की अंतर्गत वेग इतका कमी (नंतरच्या मोजण्यांत ८ ते ११ किमी) की नुसत्या ताऱ्यांनीच भागतं. दहातल्या एकाच गुच्छाचा वेग बदलला तरी उत्तर हलत होतं, म्हणून गदारोळ झाला.

दुसरा वाद अंतराचा. एक गट म्हणे १३ मेगापार्सेक (एक मेगापार्सेक म्हणजे १००० किलोपार्सेक), मूळ गट २०. फरक का पडतो ते बघा: ताऱ्यांचं वस्तुमान अंतराच्या वर्गाने वाढतं, गतीवरून काढलेलं वस्तुमान नुसत्या अंतराने. अंतर कमी केलं की दोघांचं गुणोत्तर वाढतं आणि कृष्णद्रव्य 'परत येतं'. शिवाय १३ वर तिची त्रिज्या १.४ किलोपार्सेक भरते, म्हणजे व्याख्येतूनच बाहेर. २०२१ साली हबलने लाल राक्षसी ताऱ्यांच्या टोकाची प्रत धरून २२ मेगापार्सेक काढलं. माझ्या मते अंतराचा वाद तिथे मिटला, कारणाचा नाही.

मांडवीकाठ

बरं, भरती-ओहोटीचं बल राहिलं. ते तरी समूहातच होतं ना?

निरभ्र_काणकोण

समूहातही आणि आपल्या दारातही. क्रेटर-२ (२०१६) आणि अँटलिया-२ (गाया अवकाशयानाच्या नोंदींतून) या आकाशगंगेच्या दोन उपदीर्घिका. क्रेटर-२ ची त्रिज्या किलोपार्सेकभर, पृष्ठतेजस्विता ३१ च्या आसपास, आणि ताऱ्यांचा अंतर्गत वेग सेकंदाला २.७ किमी. एवढ्या मोठ्या आकाराला एवढा कमी वेग सहसा शोभत नाही. आकाशगंगेजवळून जाताना प्रभामंडळ सोललं गेलं, बंधन ढिलं झालं, उरलेले तारे पसरले असं मानलं की दोन्ही आकडे जमतात. प्रभामंडळाचं केंद्र आधीच सपाट असेल (सत्तरीकरांचे स्फोट) तर हे अधिकच सहज होतं. म्हणजे या वाटा एकमेकींच्या सवती नव्हेत; एकीने सुरुवात करायची, दुसरीने पुरं करायचं.

आणखी एक चक्रम वाट: दीर्घिका समूहातून किंवा मोठ्या दीर्घिकेजवळून जाते, वायू गमावते, आणि कक्षा लांबट असल्याने पलीकडे कितीतरी दूर फेकली जाते. आज बघावं तर एकटी, पण विझलेली. २०२१ च्या सिम्युलेशनांत अशा सापडल्या. हे महत्त्वाचं, कारण २०१२ साली स्लोन सर्वेक्षणातून निघालं होतं की मोठ्या दीर्घिकेपासून १.५ मेगापार्सेकपलीकडे, १ कोटी ते १ अब्ज सूर्यांच्या पट्ट्यात, विझलेली बटू जवळजवळ नाहीच.

गच्चीवरचा_तारा

अवांतर: गोव्यातून यातलं काही दिसतं का? ८०-१०० मिमी दुर्बीण आणि कॅमेरा आहे असं धरा.

दर्याकिनारा

समुद्राकडचं क्षितिज सोडाच. एलईडी मासेमारीवर केंद्राने २०१७ साली बंदी घातली तरी पश्चिमेला दिवे असतातच. मोठा मॅगेलन मेघ इथून दक्षिणेला जेमतेम ५ अंश वर येतो, तोही धुरकट हवेत बुडतो.

खाजें

बंदी आणि गोवा. असो, संपादक येतील.

संपादक

आलो. मासेमारीचा वेगळा धागा आहे. इथे दीर्घिका.

सत्तरीकर

@गच्चीवरचा_तारा, लिओ-१ घ्या. मघेच्या उत्तरेला तिसरा हिस्सा अंशावर, गोव्यातून डोक्यावरच्या बिंदूपासून तीनच अंश दूर जाते. मार्चमध्ये मध्यरात्रीआधीच माथ्यावर, हवाही बरी. एकूण तेज १०-११ प्रतीचं, पण ते दहा कलांत पसरलेलं. मोले किंवा वाळपईच्या पलीकडे जा. आकाश चौरस विकलेमागे २२ प्रतीऐवजी २० प्रतीचं असेल तर तेवढ्याच खोलीला ६.३ पट वेळ लागतो. पणजीत बसून चिकाटीने ते भरून काढू म्हणणाऱ्यांनी हा आकडा लिहून ठेवावा.

बिघडतं कुठे: मघेचा प्रकाश भिंगांतून परावर्तित होऊन खोटा डाग पाडतो आणि तो दीर्घिकेसारखाच दिसतो. चौकट दर काही छायाचित्रांनी निदान १५-२० कला सरकवा; डाग सरकेल, दीर्घिका ताऱ्यांत जागच्या जागी राहील. फ्लॅट (एकसारख्या उजेडाची दुरुस्ती-छायाचित्रं) दर रात्री नवे घ्या. सॉफ्टवेअरला 'पार्श्वभूमी आपोआप काढ' सांगू नका, बारीक जाळीने ते दीर्घिकाच आकाश समजून पुसतं. सरळ उताराची एकच पातळी वजा करा. संशयास्पद धूसर पट्टा दिसला तर अवरक्त धुळीच्या नकाशाशी ताडून बघा, आपल्याच आकाशगंगेतली धूळ असते. दवरोधक पट्टी हवीच. आणि जून ते सप्टेंबर सगळं सिलिका जेलसकट बंद पेटीत, नाहीतर भिंगाला बुरशी.

उमेद हवी असेल तर: डोनातिएल्लो-१ ही बटू दीर्घिका एका इटालियन हौशी निरीक्षकाने १२७ मिमीच्या दुर्बिणीने टिपली. ड्रॅगनफ्लायसुद्धा २०१३ साली कॅननच्या ४०० मिमीच्या आठ भिंगांनी सुरू झाली, तीच दुकानात मिळणारी. प्रकाश न विखुरणारा लेप हे तिचं मर्म.

तिस्क_फोंडा

लिओ-१ नाव आलं ते बरंच झालं. मूळ प्रश्नाला ती उत्तम साक्षीदार आहे. आकाशगंगेच्या सर्वात जवळ, साधारण ९० किलोपार्सेकवर, ती सुमारे १ अब्ज वर्षांपूर्वी येऊन गेली. तिच्यातली तारेनिर्मितीही साधारण तेव्हाच थांबली. वायू गेला, तारे जागेवर; आज ती पसरट नाही, नेटकी आहे. म्हणजे विझली, फुगली नाही. अरेसिबोच्या ११५ फुगल्या, विझल्या नाहीत. दोन्ही बाजूंची उदाहरणं हाताशी असताना एकच कारण कसं लावणार?

मांडवीकाठ

मग कोमातली एखादी लाल, पसरट दीर्घिका समोर ठेवली तर ती आधी फुगून नंतर विझली, की आधी विझून नंतर सोलली गेली, की मुळात मोठी व्हायची ती अर्धवट राहिली, हे ओळखायचं कसं? तिन्ही फोटोत सारख्याच दिसणार.

पेडण्याचा_ध्रुव

फोटोवरून नाहीच. तीन गोष्टी लागतात.

गोलाकार तारकागुच्छांची संख्या, कारण ती प्रभामंडळाच्या वस्तुमानाबरोबर चालते, ढोबळमानाने दर गुच्छामागे ५ अब्ज सूर्य. अर्धवट राहिलेल्या दीर्घिकेत ताऱ्यांच्या मानाने गुच्छ भरपूर निघावेत. बटूच फुगलेली असेल तर मोजकेच. इथेच मारामारी आहे: ड्रॅगनफ्लाय-४४ मध्ये एका गटाने ७४ मोजले, २०२१ च्या दुसऱ्या मोजणीत २० निघाले. फरक मुख्यतः गुच्छ केंद्रापासून किती दूरवर पसरलेत मानायचे आणि पार्श्वभूमीचे किती वजा करायचे यात आहे.

दुसरं, ताऱ्यांचं वय आणि धातू. जुनी आणि धातूंनी फार गरीब असेल तर लवकर थांबलेली. वस्तुमानाच्या मानाने धातू जास्त असतील तर पूर्वी मोठी होती आणि सोलली गेली, कारण सोलताना तारे जातात, उरलेल्यांतले धातू तसेच राहतात.

तिसरं, अंतर्गत वेग. हे सर्वात महाग. ड्रॅगनफ्लाय-४४ वर केकची दहा मीटर दुर्बीण ३३ तासांहून जास्त रोखून ४७ किमी आकडा आला, २०१९ च्या वेगळ्या उपकरणाने ३३ केला. वस्तुमान वेगाच्या वर्गाने जातं, म्हणजे ते थेट निम्मं झालं.

सत्तरीकर

चौथं जोडा: समूहात किती आत आहे आणि वेग किती, हे दोन्ही एका आलेखावर. नव्याने शिरलेल्या दीर्घिका एका कोपऱ्यात जमतात, जुन्या दुसऱ्या. एका दीर्घिकेला यावरून निकाल लागत नाही, पन्नासेक असतील तर लागतो. त्यामुळे मांडवीबाब, एक दीर्घिका समोर ठेवू नका, पन्नास ठेवा.

खाजें

आणि केकवर १६०० तास मागा. अर्ज मराठीत चालेल का विचारून घ्या.